डाव्या नाकपुडीची खूण

डॉक्टरांनी चैतरामच्या उघड्या छातीवर डाव्या हाताची दोन बोटं आडवी ठेवली आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यांवर टकटक केलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. बालाघाटच्या लाकूड डेपोत गेली अकरा वर्षं तो हेच करत आला होता. सरईच्या झाडाचा ओंडका समोर आला की वाकायचं, हातोड्याची पाठ त्याच्या तोंडावर मारायची आणि कान द्यायचा. भरीव लाकूड एक बोलतं, आतून खाल्लेलं दुसरंच बोलतं. बाहेरून साल कशीही तुकतुकीत असो, आवाज खोटं बोलत नाही. मग खिशातला तांबडा खडू काढून ओंडक्यावर 'पोकळ' असं लिहायचं. ठेकेदार हात जोडत, चहा पाजत, एकानं तर दिवाळीला मिठाईचा डबा घरी पाठवला होता आणि चैतरामनं तो तसाच परत केला होता. लाकडाच्या बाबतीत हा माणूस असा की त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही. आता तोच माणूस खुर्चीवर सदरा मांडीवर घेऊन बसला होता आणि दुसऱ्याच्या बोटाखालचा आवाज ऐकत होता. डॉक्टरांनी नळी लावली. एका जागी ती जरा जास्तच वेळ थांबली, निदान त्याला तसं वाटलं. “कभी साँस फूलती है?” त्यांनी विचारलं. “नहीं साहब,” तो म्हणाला, आणि म्हणताना आपला श्वास किती आत गेला, किती बाहेर आला, हे मोजत राहिला. डॉक्टरांना घाई होती. बाहेर बाकावर सात-आठ माणसं खोकत होती. त्यांनी विम्याच्या कागदाचं पान उलटलं, चेहऱ्याकडे पाहिलं, अंगावर ओळखीची काही खूण आहे का म्हणून विचारलं, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच वाकून त्याच्या नाकाकडे बघितलं. “ये छेद है ना? पुराना?” हौ, जुनाच. डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली, तिच्याखाली सही केली, शिक्का मारला, लिफाफा स्वतःच बंद करून विम्याचं काम बघणाऱ्या त्र्यंबक गुरुजींकडे पोचता करायला त्याच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

झालं एवढंच. पण बाहेर उन्हात येऊन सायकलचं कुलूप काढताना चैतरामचा हात थांबला. डाव्या नाकपुडीला छेद. बाईमाणसाच्या नाकाला असतो तसा, पण पुरुषाच्या. हे कागदावर उतरलं होतं आता, शिक्क्यानिशी. आणि त्याच कागदाच्या आधीच्या पानावर, त्र्यंबक गुरुजींच्या बारीक गोल अक्षरात, भाऊ-बहिणींच्या रकान्यात लिहिलं होतं की नाहीत, झालेच नाहीत, मेलेलंही कुणी नाही. मुंबईच्या-दिल्लीच्या साहेबाला या दोन पानांत काही वावगं दिसणार नाही. पण या मुलखातला कुणीही, अगदी बैलगाडी हाकणारा माणूससुद्धा, पुरुषाच्या नाकात भोक दिसलं की मनातल्या मनात विचारतो, याच्या आधीचे किती गेले? नाक उगीच कुणी टोचत नाही पोराचं. एकामागून एक गेले की मग जन्मलेल्याचं टोचतात, त्यात पितळेची तार घालतात, त्याला नथ्थू म्हणतात, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं की ही पोरगी आहे, हिला काय न्यायचं. एका पानावर ते लपलं होतं आणि दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी काही न समजता ते उघडं करून ठेवलं होतं. सायकल तशीच हातात धरून तो चालत निघाला. मार्च संपत आला होता, सन अडुसष्टचा, आणि रस्त्यावर मोहाच्या फुलांचा वास येत होता. तो वास त्याला एरवी आवडायचा.

गुरुजींनी कागद भरला तो मंगळवार. रामपायलीच्या शाळेतून निवृत्त होऊन ते बालाघाटात राहायला आले, तेव्हापासून विम्याचं काम करायचे. पांढरं धोतर, काळी टोपी आणि काखेत तीच जुनी कातडी पिशवी, जिच्यात पूर्वी वह्या असायच्या. बालाघाटातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. चैतरामचं तर सगळंच त्यांनी लिहिलं होतं. शाळेत घालायला सुईण गोदाबाई घेऊन आली तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी एक जुलै लिहून टाकली. नाव नथ्थू सांगितलं तर म्हणाले, हे काय नाव, चैताचा आहे ना, चैतराम लिहितो. चैतात जन्मलेल्या पोराची तारीख जुलैची, पण तेव्हा याचं कुणालाच काही वाटलं नाही. नाकातली तारही त्यांनीच काढायला लावली. त्यामुळे ओसरीवर बसून ते इंग्रजी कागदावरचे प्रश्न मराठीत विचारू लागले तेव्हा चैतरामला तेच जुनं, पाटी घेऊन बसल्यासारखं वाटलं. वडील कशानं गेले? ताप येऊन. आई? दोन वर्षांमागे, म्हातारपणानं. भाऊ किती? तो गप्प बसला. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं, जरा हसले, म्हणाले, “तू तर गोदाबाईचा. तुला कुठले भाऊ?” आणि लिहून मोकळे झाले. चक्कर, छातीचं दुखणं, दम? नाही गुरुजी. शेवटी त्यांनी खालचा मजकूर वाचून दाखवला, की वरची उत्तरं खरी आहेत, पूर्ण आहेत, मी काही लपवलेलं नाही. पाच हजारांचा विमा, पैसा बायकोच्या नावानं. चैतरामनं सही केली. वर गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले होते की पहिली दोन वर्षं तेवढी तब्येत सांभाळ, त्या काळात काही झालं तरच चौकशी होते, मग कुणी खोदून विचारत नाही. ते बोलले सहज, पण ते वाक्य त्याच्या मागेच लागलं. दोन वर्षं. त्या दिवसापासून जिना चढताना, सायकल मारताना, डेपोत ओंडक्यांच्या थपीवर चढताना तो स्वतःला ऐकू लागला होता.

कारण दम लागत होता. गेल्या पौषात सागाच्या थपीमागे त्याच्या डोळ्यांपुढे काळं आलं आणि शुद्धीवर आला तेव्हा पुनाराम हमाल त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. कुणाले सांगू नको, असं त्यानं पुनारामला सांगितलं, आणि पुनारामनं नाही सांगितलं. त्याआधी लग्नाच्या वर्षी एकदा, त्याआधी शाळेत असताना एकदा. प्रत्येक वेळी तो उठला होता. गोदाबाईनं विकत घेतलेला पोरगा, त्याला काय होतं.

खरंच विकत घेतलेला. त्याचा जन्म झाला त्या दिवशी, नाळ कापायच्या आधी, त्याच्या आईनं, रुख्माबाईनं, त्याला सुईण गोदाबाईला पायलीभर कोंड्यावर विकलं, आधीचे गेले तसा हाही जाऊ नये म्हणून. गोदाबाईनं कोंडा तिच्या ओटीत घातला, नाळ कापली, पोर उचललं, उंबऱ्याबाहेर नेलं, तिथून मोठ्यानं म्हणाली की हा माहा पोरगा, तुह्याजवळ पोसाले ठेवते, आणि परत आणून दिलं. हा नुसता खेळ नव्हता. आयुष्यभर तो गोदाबाईला माय म्हणायचा आणि जन्म दिलेल्या बाईला मावशी. शेवटच्या आजारातही रुख्माबाई पाणी मागताना म्हणाली, गोदाबाईच्या पोराले म्हणा, पाणी दे. आपला मुलगा म्हणून तिनं त्याला एकदाही हाक मारली नाही. किती वेळा त्याला वाटलं होतं, एकदा तरी मारावी. एकदा लहानपणी त्यानं तिला आई म्हटलं, तर तिनं कानाखाली मारली आणि मग चुलीपुढे बसून रडली. आधीचे तिघं होते, त्यांची नावं घरात घ्यायची नाहीत, ते तुझे कोणी नव्हते, तू तिकडचा, हे त्याला बोलायला शिकण्याआधी शिकवलं गेलं. तेव्हा गुरुजींनी भाऊ किती म्हणून विचारल्यावर तो गप्प बसला, तो काही विमा ऑफिसाला फसवायला नव्हे. त्याच्या तोंडातून ते उत्तर येऊच शकत नव्हतं. निदान सायकल ढकलत घराकडे येताना तो स्वतःला असं समजावत होता. पण जो माणूस अकरा वर्षं ओंडक्यांवर तांबड्या खडूनं खरं लिहीत आला, त्याला स्वतःशी फार वेळ खोटं बोलता येत नाही. थपीमागे पडलो होतो ते तर कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच लपवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी कमलीनं त्याला पाहिलं आणि धावत सुटली. सात वर्षांची, केसांना तेल, परकर दोन्ही हातांत धरलेला. अर्ध्या वाटेवर ती थांबली, खाली बसली, उकिडवी, गुडघ्यांत तोंड घालून, आणि मातीतले खडे उचलू लागली. नेहमीचंच तिचं. बापाकडे धावत यायचं आणि मधेच खड्यांत रमायचं. तो हसला. जवळ जाऊन त्यानं तिला सायकलवर बसवलं, आणि तिचा श्वास आपल्या मनगटावर लागला तेव्हा त्याला फार माया वाटली. हिच्यासाठीच तर सगळं. पाच हजार रुपये म्हणजे हिचं शिक्षण, हिचं लग्न, बायकोला, अनुसयाला, कुणाच्या दारी भांडी घासावी लागणार नाहीत. आपण गेलो तर. आणि आपण गेलो आणि वरच्या ऑफिसातल्या कुणी रामपायलीला माणूस पाठवला, त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांकडे चौकशी केली, तर त्या दोघींना काहीच मिळणार नाही. उलट मेलेल्या माणसाचं खोटेपण तेवढं मिळेल.

त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. अनुसयानं विचारलं, काही होते काय, तो म्हणाला, ऊन लागलं. ती लांजीकडची, कमी बोलणारी. तिलाही सांगितलेलं नव्हतं. सोयरीक ठरवायला पाहुणे आले तेव्हा रुख्माबाई पदर सावरून म्हणाली होती, एकटाच आहे, आधी ना मागं. नाकाचं भोक पाहून तिच्या बापानं विचारलं असेल, विचारलंच असेल, तर गोदाबाईनं नवसाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. म्हणजे विम्याच्या आधी लग्नातही हाच रकाना रिकामा राहिला होता. हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं, हातात भाकरीचा तुकडा असताना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो लिफाफा घेऊन गुरुजींकडे गेला. ओसरीवर गुरुजी आणि त्यांची सून उमा ज्वारी निवडत होते. लिफाफा बघून गुरुजींचा चेहरा उजळला, कारण मार्चअखेर एवढं एक काम झालं की त्यांची एजन्सी वर्षभर टिकणार होती, हे त्यांनी मंगळवारी लपवलं नव्हतं. कागदांची पुडकी सोमवारच्या गाडीनं जायची होती. चैतराम उभाच राहिला. उमा आत गेल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, ते भावांचं लिहाचं राह्यलं.” गुरुजींनी सूप खाली ठेवलं. तो बोलत राहिला. छातीत धडधडत होतं आणि त्याला वाटत होतं की आता आपण पडू, इथंच, ज्वारीच्या दाण्यांवर. “महागू. प्रेमलाल. बाबूलाल.” तिन्ही नावं त्यानं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारली. काही झालं नाही. बाहेर एक बैलगाडी गेली. गुरुजी म्हणाले, “महाग्याचं नाव शाळेच्या पटावरून मीच कमी केलं. वर्गात उठून पाढे म्हणत होता. नऊचा म्हणून खाली बसला, दहाचा म्हणायला उठला नाही.” मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं इतकं लहान दिसेल असं चैतरामला वाटलं नव्हतं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. भाऊ किती म्हणून विचारताना, हसताना, लिहिताना ठाऊक होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही, आली ती दया, आणि दयेपेक्षाही भीती, की ज्यानं आपलं नाव लिहिलं, तारीख लिहिली, त्याच हातानं हेही लिहिलं. गुरुजी आता मास्तर नव्हते, एजंटही नव्हते, एक म्हातारा माणूस होते. थपीमागचंही चैतरामनं सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की हे सगळं लिहिलं, वर थपीमागे पडल्याचं लिहिलं, तर विमा होईल असं दिसत नाही. आणि न लिहिता झाला, तर तो होऊन न झाल्यासारखा, दोन वर्षं प्रत्येक दिवस जीव मुठीत धरून काढायचा. “पैसा अनुसयाच्या नावाचा आहे,” ते शेवटी म्हणाले. “तिला विचार. ती म्हणेल ते मी लिहितो. चुकीच्या ओळीवर रेघ मारून माझी सही करतो, तुझी सही घेतो. संध्याकाळपर्यंत ये.” त्यांनी दिलेला चहा तसाच ठेवून तो उठला.

घरी परत येताना रस्ता तोच होता, पण त्याला कुठून आलो ते आठवेना. गोदाबाई म्हातारपणी एकदा बोलली होती, ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं. ती आंधळी झाली होती तेव्हा, आणि आंधळेपणी तिची जीभ सैल झाली होती. ती म्हणाली होती, तुह्या मावशीचे ते तिघं एकसारखे. चांगले खेळत, पळत, अन् पळता पळता खाली बसत. उकिडवे. ओठ जांभळे पडत. घडीभर बसत, मंग उठून पुन्हा पळत. आमाले वाटे, खेळूनच राह्यले. मंग एका दिवशी बसले ते उठले नाहीत. थोरला, मंग मधला, मंग लहाना. मी तुले घेतला तवा पह्यले तुहे ओठ पाह्यले होते. चैतराम चालत होता आणि गोदाबाईचा आवाज त्याच्या बरोबर चालत होता. त्या आवाजात एक शब्द होता, जो मनाच्या तळाशी कालपासून कशाला तरी घासत होता, पण तो शब्द कोणता, ते त्याला पकडता येत नव्हतं, किंवा पकडायचं नव्हतं. आपण उन्हाचे चालतोय म्हणून कानात असं वाजतं, असं त्यानं ठरवून टाकलं.

अनुसया परसात भांडी घासत होती. त्यानं मोरीच्या दगडावर बसून तिला सगळं सांगितलं. ओट्यावरून पाणी ओतावं तसं ओतलं, न थांबता. कोंड्याचं, तारेचं, तिघांचं, शाळेच्या पटाचं, थपीमागे पडलो त्याचं, पाच हजारांचं. तुझ्या बापाला खोटं सांगितलं त्याचंही सांगितलं. तिचे राखेनं माखलेले हात पितळेच्या गंजावर तसेच राहिले. त्याला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर माहेरचं नाव काढेल. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं फक्त विचारलं, “ते कसे बसत होते म्हणे?”

“कोण?”

“ते तिघं. तुमी आत्ता सांगतलं ना, पळता पळता बसत. कसे?”

उकिडवे, तो म्हणाला, गुडघ्यांत तोंड घालून. आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडचा शब्द त्याच्याच कानावर पडला. परसाच्या पलीकडे, गल्लीत, पोरींचा कालवा चालला होता.

अनुसया त्याच्याकडे बघत नव्हती. “कमली बी तशीच बसते,” ती म्हणाली. “दिवाळीपासून. म्या ओठ पाह्यले तिचे. तुमाले सांगाचं होतं, रोज सांगाचं होतं. पण तुमी पौषापासून रातचे झोपेत हात छातीवर ठेवून राह्यले. म्हटलं, या माणसाले अजून काय सांगू. खडे वेचते, असं मीच तिले शिकवलं. बाबा दिसले की खडे वेचत जाय, म्हटलं.”

तो दगडावरून उठला नाही. डेपोतला ओंडका हातोड्याखाली जसा बोलतो तसं आत काहीतरी बोललं, आणि ते काय बोललं ते कळायला त्याला अकरा वर्षांची सवय होती. काल संध्याकाळी सायकलच्या दांड्यावर तिचा श्वास मनगटावर लागला होता, किती भरभर, आणि त्याला माया वाटली होती. कागदावरच्या त्या रकान्यात मेलेल्यांची नावं मागितली होती, म्हणून तो सगळा वेळ मेलेल्यांचाच विचार करत बसला. पोरगी असली तर नेणारा नेत नाही, म्हणून त्याला पोरगी केलं होतं. आणि ही पोरगीच होती. हिचं नाक सगळ्या पोरींसारखं पाचव्या वर्षी टोचलं, त्यात चमकी घातली, आणि त्या भोकाकडे पाहून या मुलखातल्या कुणालाही काहीच विचारावंसं वाटणार नव्हतं.

अनुसयानं हात धुतले, दोनदा, कोपरापर्यंत. मग पदराला पुसत ती म्हणाली, “उद्या तिले दवाखान्यात नेऊ. इथं नाही झालं तर नागपूरले. तुमी बी दाखवा. अन् गुरुजीले जाऊन सांगा, सगळं लिवा म्हणाव.”

“विमा नाही होणार.”

“हौ. नाही होणार.” ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. डेपोच्या रजिस्टरात पान संपायच्या आत नोंद संपली की उरलेल्या जागेवर तो तिरपी रेघ मारतो, मागून कुणी काही घुसडू नये म्हणून, हे त्यानं कधीतरी तिला कौतुकानं सांगितलं होतं. तिनं ते लक्षात ठेवलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. “तीन नावं लिवा म्हणाव,” ती म्हणाली. “अन् त्याच्या खालची जागा रेघ मारून बंद करा म्हणाव. उघडी ठेवू नका.”

तो गुरुजींकडे जायला निघाला. गल्लीत पोरी पकडापकडी खेळत होत्या. त्यांत कमली नव्हती. ती बाजूला, भिंतीच्या सावलीत बसली होती, उकिडवी, आणि बाप दिसताच तिनं शिकवल्याप्रमाणे हात पुढे करून एक खडा उचलला. तो तिच्याजवळ जाऊन तसाच उकिडवा बसला. तिनं तो खडा त्याच्या हातात दिला. त्यानं तिचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला आणि तिच्या ओठांकडे पाहिलं.